खोकडाच्या आतड्यातील पट्टकृमी आणि शंभर वर्षांचा वाद

प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत जातीच्या नावापुढे शास्त्रज्ञाचे नाव व वर्ष देण्याचा प्रघात आहे. वाचकाचा त्यावरून सहजच असा समज होतो की, त्या वर्षी तो प्राणी ओळखला गेला. 'एकायनोकॉकस मल्टिलोक्युलॅरिस' या पट्टकृमीच्या नावापुढे 'लॉइकार्ट, १८६३' अशी नोंद असते. वस्तुतः १८६३ साली नाव मिळाले ते माणसाच्या यकृतात आढळणाऱ्या एका विकृत वाढीला. तिला जन्म देणारा कृमी त्या वेळी कोणालाही ओळखता आलेला नव्हता. तो दोन ते चार मिलिमीटर लांबीचा, नुसत्या डोळ्यांना पांढऱ्या कणासारखा दिसणारा जीव मध्य युरोपातील खोकडांच्या लहान आतड्यात होता, आणि त्याची निर्विवाद ओळख पटण्यास १९५० नंतरचे दशक उजाडावे लागले. एवढा काळ का लागला, हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

आरंभी एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. मराठीत 'कोल्हा' हा शब्द मुळात 'कॅनिस' वंशातील प्राण्याचा वाचक आहे. 'व्हल्पिस' वंशातील, लहान चणीच्या व झुपकेदार शेपटीच्या प्राण्यास आपल्याकडे 'खोकड' म्हणतात. इंग्रजीवरून भाषांतर करताना हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी योजले जातात. साहित्यात त्याने फारसे बिघडत नाही. परंतु परोपजीवी प्राण्यांच्या अभ्यासात पोषक प्राणी कोणता हाच मुख्य प्रश्न असल्यामुळे येथे 'खोकड' हाच शब्द वापरला आहे.

या वंशातील कृमींचे जीवनचक्र दोन पोषकांत विभागलेले असते. प्रौढ कृमी मांसाहारी प्राण्याच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात. ती गवतपाल्याबरोबर दुसऱ्या एखाद्या सस्तन प्राण्याच्या पोटात गेली म्हणजे त्यांतून निघणारा गर्भ बहुधा यकृतात जाऊन डिंभावस्था धारण करतो. या डिंभात पुढे असंख्य सूक्ष्म आदिशीर्षे तयार होतात, आणि तो प्राणी मांसाहारी पोषकाने खाल्ला की प्रत्येक आदिशीर्षापासून एकेक प्रौढ कृमी वाढतो. माणूस या चक्रात अपघातानेच सापडतो. 'एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस' या जातीचा डिंभ म्हणजे पाण्याने भरलेली, जाड कवचाची, बहुधा एकसंध अशी हायडॅटिड पुटी. मल्टिलोक्युलॅरिसचा डिंभ मात्र बारीक बारीक कप्प्यांच्या स्पंजासारखा असून तो बाहेरच्या बाजूस अंकुर फोडीत यकृताचे ऊतक पोखरतो व क्वचित फुप्फुस आणि मेंदूपर्यंत पोचतो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत पाच ते पंधरा वर्षे जातात. उपचाराविना राहिलेल्या रुग्णांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण निदानानंतर दहा-पंधरा वर्षांत दगावत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दक्षिण जर्मनीतील वैद्य या वाढीस कर्करोगाचाच एक प्रकार मानीत. यकृतात आढळणाऱ्या त्या सच्छिद्र, बुळबुळीत ऊतकाचे वर्णन म्यूनिकमध्ये बूल याने १८५२ च्या सुमारास केले ते याच समजुतीने. रुडोल्फ फिरखो याने १८५५ साली व्युर्त्सबुर्ग येथे ही वाढ परोपजीवी आहे असे दाखविले आणि पुढच्या वर्षी ते प्रसिद्ध केले. विकृतिशास्त्राच्या दृष्टीने हा मोठाच पल्ला होता. तथापि फिरखोने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तो एकायनोकॉकसचा डिंभ. तो नेहमीच्याच हायडॅटिडचा की वेगळ्या जातीचा, हे त्या डिंभावरून ठरण्यासारखे नव्हते. लसीकावाहिन्यांत वाढ झाल्यामुळे पुटीला असे विचित्र रूप येत असावे, असा त्याचा कयास होता. येथूनच वादाची सुरुवात झाली. एक पक्ष म्हणे, जाती एकच, रूपे दोन. दुसरा म्हणे, रूपे दोन म्हणून जातीही दोन. पुढील शंभर वर्षे हे दोन पक्ष एकजातिवादी आणि द्विजातिवादी म्हणून ओळखले गेले.

एकजातिवाद्यांची बाजू दुबळी होती असे समजणे चुकीचे ठरेल. कार्ल फोन झीबोल्ट याने १८५२ साली मेंढीच्या हायडॅटिड पुटी कुत्र्यांना खाऊ घालून त्यांच्या आतड्यांत प्रौढ कृमी वाढविले होते. १८६३ साली नाउनीन आणि क्राब यांनी माणसाच्या पुटींपासूनही तसेच कृमी मिळविले. कुत्रा आणि मेंढी यांचे चक्र अशा रीतीने प्रयोगाने सिद्ध झाले होते. क्राब याने आइसलंडमधील या रोगाचा अभ्यास केला, आणि त्यावरून लिहिलेली लोकशिक्षणाची पुस्तिका १८६४ साली त्या बेटावर घरोघर वाटली गेली. कत्तलीतील पुटी कुत्र्यांना खाऊ न देणे आणि कुत्र्यांवर नियंत्रण ठेवणे एवढ्या साध्या उपायांवर पुढे आइसलंडमधून हा रोग नाहीसा झाला. परोपजीविशास्त्राच्या इतक्या उघड यशानंतर त्याच वंशातील दुसरी एखादी जाती मानण्याची गरज अनेकांना वाटली नाही, हे स्वाभाविक होते. शिवाय गुरांच्या यकृतात साध्या जातीच्या पुटीलाही कधी कधी अनेक कप्प्यांचे रूप येते. दोन टोकांमधील दुवा म्हणून अशा नमुन्यांकडे बोट दाखविणे सोपे होते.

द्विजातिवाद्यांचा खरा आधार होता भूगोल. इन्सब्रुकचा आडोल्फ पोसेल्ट याने टिरोलमधील रुग्णांच्या नोंदी वर्षानुवर्षे जमविल्या. त्यातून दिसले ते असे की, कप्पेदार रोगाचे रुग्ण टिरोल, बव्हेरिया, व्युर्टेम्बेर्ग आणि स्वित्झर्लंड या सलग डोंगराळ पट्ट्यात एकवटले होते. उलट आइसलंड, ऑस्ट्रेलिया आणि उत्तर जर्मनीतील मेक्लेनबुर्ग येथे हायडॅटिडचा सुळसुळाट असूनही हा दुसरा प्रकार तेथे आढळत नसे. एकाच कृमीची ही दोन रूपे असतील तर जेथे एक रूप विपुल आहे तेथे दुसरे थोडे तरी दिसावयास हवे होते. हा युक्तिवाद सरळ होता, आणि त्याला समाधानकारक उत्तर कधीच मिळाले नाही. फिअरॉर्टने १८८६ मध्ये या रोगावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला; मांगोल्टने १८९२ मध्ये मानवी वाढीपासून कुत्र्यात कृमी मिळविल्याचे प्रसिद्ध केले; रशियन विकृतिशास्त्रज्ञ मेल्निकॉव्ह-राझ्व्हेडेंकॉव्ह याने १९०१ मध्ये विस्तृत प्रबंध लिहिला. एवढे होऊनही प्रश्न जेथल्या तेथेच राहिला.

याचे कारण शास्त्रज्ञांच्या हट्टाग्रहात शोधण्याचा मोह होतो. परंतु ते पुरेसे नाही. खरी अडचण सामग्रीची होती. वादाचा सगळा पुरावा माणसाच्या यकृतातून आलेला होता, आणि माणूस हा या कृमीच्या दृष्टीने बंद गल्लीसारखा पोषक आहे. मानवी यकृतात डिंभ वर्षानुवर्षे पसरतो. मात्र त्यात आदिशीर्षे क्वचितच तयार होतात. मानवी वाढीचा तुकडा कुत्र्याला खाऊ घातला तर त्यातून बहुधा काहीच निपजत नसे. क्वचित कृमी मिळालाच तर तो त्या कुत्र्याच्या पोटात आधीपासून नव्हता कशावरून, ही शंका प्रतिपक्षाला घेता येई; आणि जेथे कुत्र्यांत दुसरी जाती सर्वत्र होती तेथे ती शंका अगदीच अवाजवी म्हणता येत नाही. दुसरीकडे, ज्या प्राण्यात हा कृमी हजारोंच्या संख्येने असतो तो खोकड चिकित्सालयांच्या परिघाबाहेरचा होता. खोकड शिकाऱ्यांच्या हाती लागे. त्याचे कातडे विकले जाई, धड फेकून दिले जाई. त्याला स्वतःला या कृमीचा म्हणण्यासारखा त्रासही होत नाही, तेव्हा आजारी खोकड पाहून कोणी त्याचे आतडे उघडून पाहावे असाही प्रसंग नव्हता.

हा वाद केवळ नामकरणाचा असता तर तो कितीही लांबला तरी फारशी हानी नव्हती. जाती एकच मानली तर प्रतिबंधाचा मार्गही एकच ठरतो: कत्तलखाना, मेंढी, कुत्रा. श्वाबिश आल्बच्या डोंगराळ भागातील शेतकऱ्याने हे सर्व नियम पाळले असते तरी त्याला संरक्षण मिळाले नसते, कारण त्याच्या कुरणातील गवतावर पडणारी अंडी खोकडाच्या विष्ठेतून येत होती आणि चक्राचा दुसरा भाग शेतातील उंदरांच्या यकृतात पुरा होत होता.

वाद अनिर्णित असतानाच जपानमध्ये जे घडले ते या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे. होक्काइडोच्या वायव्येस रेबुन नावाचे लहानसे बेट आहे. तेथे व्होल नावाच्या, आखूड शेपटीच्या शेतउंदरांचा उपद्रव वाढल्यामुळे १९२४ ते १९२६ या काळात कुरील द्वीपमालिकेतील सिमुशिर बेटावरून तांबडे खोकड आणून सोडण्यात आले. खोकडांच्या कातड्यांचाही लाभ अपेक्षित होता. आणलेल्या प्राण्यांबरोबर त्यांचा कृमीही आला. व्होल तेथे आधीपासून होतेच. १९३६ साली बेटावरील पहिला रुग्ण ओळखला गेला आणि पुढे रुग्णांची संख्या सुमारे १३० वर गेली. अखेर बेटावरील खोकड आणि कुत्रे मारून चक्र तोडण्यात आले. खोकड आणून दहा-बारा वर्षांनी रोग प्रकट व्हावा हे त्याच्या दीर्घ सुप्तावस्थेशी जुळते. जो प्रयोग कोणीही हेतुपुरस्सर केला नसता तो येथे नकळत केला गेला होता.

निर्णायक पुरावा मात्र अलास्कातून आला. अँकरेज येथील आर्क्टिक आरोग्य संशोधन केंद्रात रॉबर्ट राऊश आणि एव्हरेट शिलर हे अलास्कातील कृमिसृष्टीचे सर्वेक्षण करीत होते. बेरिंग समुद्रातील सेंट लॉरेन्स बेटावर मेंढी नाही, गाय नाही, कत्तलखाना नाही. आहेत ते ध्रुवीय खोकड, टुंड्रातील व्होल, स्लेज ओढणारे कुत्रे आणि युपिक लोकांची दोन गावे. जुन्या सिद्धान्तातील मध्यस्थ पोषकच जेथे नाहीत तेथे माणसांत हा रोग होता. व्होलांची यकृते तपासली तेव्हा त्यांत आदिशीर्षांनी भरलेले कप्पेदार डिंभ आढळले, आणि खोकडांच्या व कुत्र्यांच्या आतड्यांत प्रौढ कृमी. १९५१ साली या दोघांनी कृंतक प्राण्यांचे महत्त्व प्रतिपादन करणारा लेख प्रसिद्ध केला आणि १९५४ साली या कृमीस 'एकायनोकॉकस सिबिरिसेन्सिस' हे नवे नाव दिले. व्होलाचे यकृत ही मानवी यकृताच्या अगदी उलट सामग्री होती: तेथे डिंभ दोन-तीन महिन्यांतच परिपक्व होतो, आणि त्यापासून प्रयोगशाळेत प्रौढ कृमी हवे तितके वाढविता येतात.

आता युरोपातील रोग आणि अलास्कातील कृमी यांचा संबंध जोडणे उरले होते. हॅम्बुर्गच्या उष्णकटिबंधीय रोगसंस्थेतील हान्स फोगेल याने श्वाबिश आल्बमधील तांबडे खोकड आणि व्होल तपासले. मानवी रुग्णापासून आणि वन्य प्राण्यांपासून मिळालेले असे दोन्ही वंश त्याने प्रौढावस्थेपर्यंत वाढवून एकमेकांशी ताडून पाहिले. १९५५ मधील प्राथमिक लेखात आणि १९५७ मधील सविस्तर प्रबंधात त्याने दाखविले की, माणसाच्या यकृतातील ती जुनी 'गाठ' आणि खोकडाच्या आतड्यातील हा कृमी एकाच जातीचे आहेत आणि ही जाती ग्रॅन्युलोससहून निराळी आहे. अलास्कातील कृमीही याच जातीत, फार तर उपजाती म्हणून, बसत होता. पूर्वाधिकाराच्या नियमाने मग १८६३ चे नाव कायम झाले. पोसेल्टचा भूगोल बरोबर ठरला; पण तो बरोबर का आहे हे सांगण्यास खोकड लागला.

फोगेलची ओळख ज्या लक्षणांवर आधारलेली होती ती आजही प्रयोगशाळेतील पहिली कसोटी आहेत. मल्टिलोक्युलॅरिसची लांबी १.२ ते ४.५ मिलिमीटर असून त्यास बहुधा चार-पाच देहखंड असतात. ग्रॅन्युलोससला बहुधा तीन असतात व तो अधिक लांब होऊ शकतो. पहिल्याचे जननरंध्र देहखंडाच्या मध्याच्या पुढे, तर दुसऱ्याचे मध्याजवळ किंवा मागे. वृषणांची संख्या पहिल्यात १६ ते ३५, दुसऱ्यात साधारणतः त्याहून जास्त. परिपक्व देहखंडातील गर्भाशय पहिल्यात साध्या पिशवीसारखा, दुसऱ्यात बाजूंना फुगवटे असलेला. शीर्षावरील आकड्यांच्या मापांवर जुन्या अभ्यासकांनी फार भर दिला होता. पण ती मापे वयानुसार व पोषकानुसार बदलतात आणि दोन्ही जातींत परस्परांत मिसळतात. केवळ आकड्यांवर भांडत राहिल्यामुळेही वाद लांबला, असे म्हणावयास हरकत नाही.

ओळख पटल्यानंतर प्रश्न उरतो तो शोधण्याचा: मारलेल्या किंवा मेलेल्या खोकडात हा कृमी आहे की नाही हे कसे ठरवावे? आतडे उघडून डोळ्यांनी पाहणे निरुपयोगी, कारण कृमी श्लेष्मल अस्तराच्या उंचवट्यांमध्ये खोल रुतलेला असतो. खात्रीची मानली जाते ती अवसादन पद्धती. आतड्याचे तुकडे करून क्षारद्रावणात जोराने हलवितात, अस्तराचा वरचा थर बोटांनी निपटून घेतात, पाणी पुनःपुन्हा निथळू देतात आणि तळाशी बसलेला साका थोडाथोडा घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. काम संथ आणि कंटाळवाणे आहे. एका खोकडातील कृमींची संख्या दहाच्या आतही असू शकते आणि दहा हजारांवरही जाऊ शकते. झुरिक शहरात १९९६ ते १९९८ या काळात याविषयी मोठी पाहणी झाली. हिवाळ्यात शहरी भागातील ४७ टक्के व लगतच्या विहारक्षेत्रातील ६७ टक्के खोकडांत हा कृमी सापडला. बाधित खोकडांपैकी केवळ ८ टक्के प्राण्यांत एकूण कृमींपैकी ७० टक्क्यांहून अधिक कृमी होते. आतड्याच्या पंधरा ठिकाणी काच घासून घेतलेला थर तपासण्याची दुसरी पद्धत जलद आहे. मात्र तुरळक लागण तिच्या नजरेतून सुटते.

या कामात तपासणाऱ्याच्या जिवालाही धोका असतो, ही गोष्ट सहसा तळटिपेत जाते. ती मुख्य मजकुरात यावयास हवी. अंडी नेहमीच्या शीतकपाटातील गोठणाला दाद देत नाहीत. म्हणून खोकडाचे धड किंवा आतडे तपासणीपूर्वी काही दिवस उणे ८० अंश सेल्सियसच्या आसपास ठेवून अंडी मारली जातात.

जिवंत खोकडाबाबत विष्ठेखेरीज साधन नाही, आणि विष्ठेत जुनी अडचण नव्या रूपाने पुढे येते. एकायनोकॉकसची अंडी, सुमारे ३० ते ४० मायक्रॉन व्यासाची, 'टीनिआ' वंशाच्या अंड्यांहून सूक्ष्मदर्शकाखाली वेगळी काढता येत नाहीत; आणि खोकडात 'टीनिआ क्रॅसिसेप्स', 'टीनिआ पॉलिअकँथा' यांसारखे पट्टकृमी नेहमीचे आहेत. १९९० नंतरच्या दशकात यावर दोन मार्ग निघाले. एकात विष्ठेतील कृमीचे प्रतिजन प्रतिपिंडांच्या साहाय्याने ओळखतात. दुसऱ्यात चाळणीने व प्लवनाने अंडी वेगळी करून त्यांतील डीएनए पॉलिमरेज शृंखला अभिक्रियेने वाढवितात आणि जाती ठरवितात. पहिला मार्ग स्वस्त, पण फार थोडे कृमी असलेला प्राणी त्यात निसटतो. दुसरा जातीविषयी निःसंदिग्ध. मात्र कृमी अजून अंडी घालू लागला नसेल तर अंड्यांवर आधारलेली ही परीक्षा काहीच सांगत नाही.

साधने सुधारली की इतिहास लिहिणेही अवघड होते, याचे उत्तम उदाहरण युरोपच्या नकाशात मिळते. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरपर्यंत हा कृमी मध्य युरोपात ऑस्ट्रिया, फ्रान्स, जर्मनी आणि स्वित्झर्लंड या चार देशांतच ज्ञात होता. त्यानंतर पोलंड, चेक प्रजासत्ताक, नेदरलँड्स, डेन्मार्क आणि २०११ मध्ये स्वीडन अशा नोंदी होत गेल्या. हा प्रसार मानावा की शोध? अलर्करोगाविरुद्ध खोकडांना आमिषातून लस देण्याची मोहीम १९७८ साली स्वित्झर्लंडमध्ये सुरू झाली. ती युरोपभर पसरल्यावर खोकडांची संख्या वाढली व ते शहरांत शिरले. हे प्रसाराच्या बाजूचे प्रमाण होय. परंतु ज्या देशांत पूर्वी कोणी खोकडांची आतडी पद्धतशीर धुऊन पाहिलीच नव्हती तेथील 'पहिली नोंद' ही कृमीच्या आगमनाची तारीख मानता येत नाही. जेथे जुन्या पाहणीत नकारात्मक निष्कर्ष निघालेले आहेत तेथेच प्रसाराचा दावा टिकतो, आणि तोही त्या पाहणीची पद्धत तपासूनच.

ओळखीचा प्रश्न फोगेलबरोबर संपला असेही नाही. चीनच्या सिचुआन प्रांतातील, तिबेटी पठारावरच्या शिचू जिल्ह्यात खोकड आणि पायका हा सशाच्या कुळाजवळचा लहान प्राणी यांची तपासणी झाली. तेथील तिबेटी खोकडांत मल्टिलोक्युलॅरिसहूनही आखूड, दोन-तीन देहखंडांचा एक पट्टकृमी मिळाला. पायकाच्या शरीरातील त्याचा डिंभ बहुधा एका कप्प्याचा, म्हणजे ग्रॅन्युलोससची आठवण करून देणारा. प्रौढ मात्र मल्टिलोक्युलॅरिसशी गल्लत व्हावी असा. डीएनएच्या आधारे तो स्वतंत्र ठरला आणि २००५ साली 'एकायनोकॉकस शिक्विकस' या नावाने त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. परिणामी, त्या पठारावरील तिबेटी खोकडांच्या ज्या जुन्या नोंदी केवळ बाह्यलक्षणांवरून मल्टिलोक्युलॅरिसच्या खाती जमा आहेत, त्या आता नमुने हाती असतील तेथेच पुन्हा तपासता येतील.